सनदेपूर्वींची उजळणी

इ. स. १८१६ च्या जुलै महिन्याच्या २५ तारखेस लंडनमधील अपॉथिकरी मंडळाच्या इमारतींत एक वीस वर्षांचा तरुण परीक्षकांसमोर जाऊन बसला. अपॉथिकरी म्हणजे औषधें बनवून देणारा आणि त्याबरोबरच सामान्य कुटुंबांत रोगोपचारहि करणारा वैद्य. परीक्षा तोंडी होती. लॅटिन भाषेंतील औषधिग्रंथाचा उतारा वाचून त्याचा अर्थ सांगावयाचा, वैद्यांनीं लिहिलेलीं औषधपत्रें उलगडून दाखवावयाचीं, औषधांचें रसायन व गुणधर्म सांगावयाचे, आणि रोग व त्यांवरील उपचार यांविषयींच्या प्रश्नांना तोंड द्यावयाचें, असें तिचें स्वरूप होतें. तरुण उत्तीर्ण झाला. त्याचें नांव जॉन कीट्स. इंग्रजी काव्याच्या रसिकांना हें नांव निराळ्या कारणानें परिचित आहे. परंतु वैद्यकाच्या इतिहासांतहि त्याला एक लहानसें स्थान आहे. इंग्लंडांतील ज्या कायद्यानें सामान्य वैद्याला परीक्षेची अट घातली, तो नुकताच अमलांत आला होता, आणि कीट्स हा त्या परीक्षेला बसलेल्या पहिल्या कांहीं तुकड्यांपैकीं एक होता.

हा कायदा १८१५ सालचा. त्यापूर्वीं इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत कोणीहि माणूस दुकान थाटून औषधें विकूं शके आणि रोग्याच्या नाडीला हात लावूं शके. मोठ्या शहरांत फिजिशियन आणि सर्जन यांचीं जुनीं मंडळें होतीं. पण त्यांची फी श्रीमंतांनाच परवडे. बाकीच्या समाजाचें जीवित अपॉथिकऱ्याच्या हातीं होतें. नव्या कायद्यानें त्याला चार अटी घातल्या: पांच वर्षें उमेदवारी, वयाचीं एकवीस वर्षें पूर्ण, सद्वर्तनाचा दाखला, आणि मंडळापुढें परीक्षा. या परीक्षेस बसण्यापूर्वीं शारीर, इंद्रियविज्ञान, रसायन, औषधिद्रव्यें आणि वैद्यक यांवरील व्याख्यानें ऐकल्याचीं प्रमाणपत्रें व रुग्णालयांतील कांहीं महिन्यांची हजेरी दाखवावी लागे. कीट्सनें एडमंटन गांवच्या एका सर्जनापाशीं उमेदवारी केली होती, आणि १८१५ च्या ऑक्टोबरपासून तो लंडनच्या गायज् रुग्णालयांत शिकत होता.

येथें एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि पुढील दोनशे वर्षांचा या विषयाचा इतिहास त्या प्रश्नाभोंवतींच फिरत राहिला आहे. पांच वर्षें गुरूच्या हाताखालीं मलमें घोटलेल्या, जखमा बांधलेल्या आणि शेंकडों रोगी पाहिलेल्या तरुणाला पुन्हां शरीराची रचना आणि द्रव्यांचें रसायन कशाकरितां विचारावयाचें? उमेदवारीनें हाताला वळण लागतें. परंतु जें गुरूनें केलें तेंच शिष्य करतो, आणि गुरूची चूक असेल तर तीहि वंशपरंपरेनें चालत राहते. गुरूनें न पाहिलेला रोगी समोर आला कीं उमेदवार निरुत्तर होतो. अशा वेळीं ज्याला शरीराची घडण आणि तिचे व्यापार ठाऊक आहेत, तोच मुळापासून विचार करूं शकतो. वैद्यकांतील मूलशास्त्रांची परीक्षा ही या समजुतींतून निघाली. ती समजूत योग्यच होती. पण परीक्षा या साधनाला स्वतःचे दोष असतात, आणि ते लवकरच दिसूं लागले.

पहिला दोष भयंकर स्वरूपांत प्रगट झाला. परवाना देणारीं मंडळें शारीरशास्त्राचें ज्ञान मागूं लागलीं, म्हणून विद्यार्थी शवविच्छेदनाच्या वर्गांना गर्दी करूं लागले. परंतु कायद्यानें विच्छेदनासाठीं मिळणारीं शवें म्हणजे फांशीं दिलेल्या खुनी गुन्हेगारांचीं. तीं अगदींच थोडीं. ही तूट भरून काढण्यासाठीं रात्रीं कबरी उकरून प्रेतें चोरण्याचा धंदाच सुरू झाला. एडिंबरो शहरांत तर विल्यम बर्क आणि विल्यम हेअर या दोघांनीं कबरी उकरण्याचेहि श्रम घेतले नाहींत. त्यांनीं १८२८ सालीं सोळा माणसांचे खून करून तीं प्रेतें रॉबर्ट नॉक्स या शारीरशास्त्राच्या अध्यापकाच्या वर्गाला विकलीं. बर्कला १८२९ च्या जानेवारींत फांशीं देण्यांत आलें. हेअरनें माफीचा साक्षीदार होऊन आपला जीव वाचविला. पुढें १८३२ सालीं पार्लमेंटनें शारीरशास्त्राचा कायदा करून बेवारशी मृतांचीं शरीरें शिक्षणासाठीं देण्याची व्यवस्था केली. चोरी थांबली, पण जिवंतपणीं ज्याला कोणी विचारलें नाहीं त्या दरिद्री माणसाचेंच शरीर मरणानंतर विद्येच्या कामीं आलें. वैद्याच्या सनदेमागें असें हें एक जुनें ऋण उभें आहे, आणि त्याची आठवण विद्यार्थ्याला करून दिली जाते ती क्वचितच.

दुसरा दोष इतका भीषण नव्हता, पण तो अधिक चिवट निघाला. एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकाची परीक्षा १८३३ सालापर्यंत लॅटिन भाषेंतून होत असे. पुष्कळ विद्यार्थ्यांना लॅटिन जेमतेमच येई. मग त्यांच्यासाठीं खासगी शिकवण्या घेणारी एक मंडळी निर्माण झाली. तिला इंग्रजींत 'ग्राइंडर' म्हणजे दळणारे असें नांव पडलें. परीक्षक बहुधा कोणते प्रश्न विचारतील याचा अंदाज घेऊन हे शिक्षक त्यांचीं उत्तरें तयार करीत, आणि विद्यार्थ्यांकडून तीं घोटून घेत. मराठींत घोकंपट्टी हा शब्द आहे. तोहि घोटण्याचाच प्रकार. फरक इतकाच कीं दळणारा पैसे घेई आणि घोकणारा फुकट श्रम करी. लंडनमध्येंहि हा धंदा जोरांत चाले. अशा रीतीनें, वैद्यानें मुळापासून विचार करावा म्हणून जी परीक्षा ठेवली, तीच विचार टाळण्याची युक्ति शिकवूं लागली. परीक्षा बदलली कीं दळणारेहि आपलें जातें बदलीत.

इ. स. १८५८ सालीं पार्लमेंटनें वैद्यकाचा सर्वसाधारण कायदा केला. त्या वेळीं ब्रिटनमध्यें सुमारें वीस संस्था निरनिराळ्या सनदा देत होत्या. कोणाची परीक्षा कठीण, कोणाची नांवापुरती. या कायद्यानें एक मध्यवर्ती परिषद नेमली आणि पात्र वैद्यांची एकच नोंदवही सुरू केली. नोंद नसलेल्या माणसानें औषध देऊं नये, असें कायदा म्हणत नव्हता. त्याला सरकारी जागा मिळणार नाहीं आणि बुडालेल्या फीसाठीं न्यायालयांत दाद मागतां येणार नाहीं, एवढेंच तो म्हणे. म्हणजे आपण कोणाच्या हातीं जीव देत आहों हें रोग्याला कळावें, हा त्याचा उद्देश होता. पुढें १८८६ च्या दुरुस्तीनें वैद्यक, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्ही विषयांत उत्तीर्ण झाल्यावांचून नोंद होऊं नये, असें ठरलें.

परंतु जें दार अपात्रांना अडविण्यासाठीं उभारलें, तें पात्र माणसांनाहि अडवूं शकतें. एलिझाबेथ गॅरेट या बाईंनीं १८६५ सालीं त्याच अपॉथिकरी मंडळाची परीक्षा दिली. मंडळाच्या जुन्या सनदेंतील शब्दरचनेमुळें त्यांना नाकारणें मंडळाला शक्य झालें नाहीं, आणि त्या उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर मंडळानें नियम बदलला: खासगी रीतीनें घेतलेलें शिक्षण यापुढें मान्य होणार नाहीं. स्त्रियांना मान्य विद्यालयांत प्रवेशच नव्हता. तेव्हां एका ओळीच्या बदलानें त्यांची वाट पुनः बंद झाली. परीक्षेंतील प्रश्न तेच राहिले. तिला बसण्याचा अधिकार मात्र हिरावून घेतला गेला. १८७४ सालीं लंडनमध्यें स्त्रियांसाठीं स्वतंत्र वैद्यक विद्यालय निघालें आणि १८७६ च्या कायद्यानें परीक्षामंडळांना स्त्रियांना सनद देण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां ही कोंडी फुटली.

या विद्यालयाचा महाराष्ट्राशीं एक हृद्य संबंध आहे. बालपणीं झालेला विवाह नाकारून मुंबईच्या न्यायालयांत जिनें साऱ्या समाजाचा रोष पत्करला, ती रखमाबाई १८८९ सालीं विलायतेस गेली आणि याच विद्यालयांत शिकली. १८९४ सालीं स्कॉटलंडमधील संयुक्त परीक्षामंडळाची सनद मिळवून ती परत आली आणि सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयांत रुजू झाली. तिच्या आधीं कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून १८८६ च्या मार्चमध्यें पदवीधर झाल्या होत्या. आणि या दोघींच्याहि पूर्वीं मुंबईंत ग्रँट वैद्यक महाविद्यालय १८४५ सालीं सुरू झालें होतें. तेथून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. शवाला स्पर्श करणें हा ज्या समाजांत विटाळ मानला जाई, त्या समाजांतील तरुणांनीं विच्छेदनाच्या मेजाशीं उभें राहणें ही केवळ अभ्यासक्रमांतील एक बाब नव्हती. मूलशास्त्राचें पहिलें पाऊलच त्यांना घरच्या रूढीशीं झुंजून टाकावें लागलें.

आनंदीबाई ज्या अमेरिकेंत शिकल्या, तेथील परिस्थिति इंग्लंडहून फार निराळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बहुतेक राज्यांनीं वैद्यकावरील निर्बंध सैल केले होते किंवा रद्दच केले होते. वैद्यक विद्यालय काढणें हा एक व्यापार झाला होता. विद्यार्थ्यानें फी भरावी, कांहीं महिन्यांचीं व्याख्यानें दोनदां ऐकावीं आणि पदवी घेऊन जावें. चांगलीं महाविद्यालयें नव्हतीं असें नाहीं. आनंदीबाईंचें महाविद्यालय त्यांत मोडतें. पण चांगल्या आणि वाईट पदवींत रोग्यानें भेद कसा करावा? मग एकेक राज्य परवान्याचे कायदे करूं लागलें. वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील डेंट नांवाच्या वैद्यानें अशा कायद्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. आपला चालू धंदा कायद्यानें हिरावून घेतला, असें त्याचें म्हणणें. १८८९ सालीं न्यायालयानें त्याचा दावा फेटाळला. मानवी शरीराचे गुंतागुंतीचे व्यापार जाणणाऱ्या माणसाचीच रोग्याला गरज असते, आणि तें ज्ञान रोगी स्वतः पारखूं शकत नाहीं, म्हणून राज्यानें त्याच्या वतीनें पारख करणें न्याय्य आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

पारख करावयाची, पण कशाची? याचें उत्तर देण्याचें काम एका शाळामास्तरानें केलें. अब्राहम फ्लेक्स्नर हा वैद्य नव्हता. लुईव्हिल गांवीं त्यानें स्वतःची एक शाळा चालविली होती. कार्नेगी संस्थेच्या वतीनें त्यानें अमेरिका आणि कॅनडा येथील १५५ वैद्यक विद्यालयें पाहिलीं आणि १९१० सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. कोठें प्रयोगशाळा नांवाला होती, कोठें विच्छेदनाची खोली घाणीनें भरलेली होती, कोठें विद्यार्थ्याला रोगी दृष्टीसहि पडत नव्हता. हें सर्व त्यानें गांवांचीं आणि विद्यालयांचीं नांवें देऊन लिहिलें. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यालयाचा आदर्श त्यानें पुढें ठेवला: पहिलीं दोन वर्षें प्रयोगशाळेंत मूलशास्त्रें, पुढचीं दोन वर्षें रोग्याच्या खाटेपाशीं. आज जगभर वैद्यकाच्या अभ्यासक्रमाची जी विभागणी दिसते, तिच्यावर या आराखड्याची छाप आहे. परंतु याहि सुधारणेची किंमत कोणीतरी दिलीच. त्या वेळीं कृष्णवर्णीयांसाठीं सात विद्यालयें होतीं. त्यांतील दोनच फ्लेक्स्नरला ठेवण्याजोगीं वाटलीं. बाकीचीं बंद पडलीं, आणि जो समाज गोऱ्या विद्यालयांत शिरूं शकत नव्हता, त्याला पुढें अनेक वर्षें वैद्यांची वाण भासली.

फ्लेक्स्नरच्या अहवालानंतर पांच वर्षांनीं, १९१५ सालीं, विल्यम रॉडमन या शस्त्रवैद्याच्या प्रयत्नानें राष्ट्रीय वैद्यक परीक्षक मंडळ स्थापन झालें. सर्व राज्यांना मान्य होईल अशी एकच कसोटी असावी, हा त्याचा हेतु. पहिली परीक्षा होण्यापूर्वींच रॉडमन मरण पावला. १९१६ च्या ऑक्टोबरांत वॉशिंग्टन येथें ती परीक्षा जवळजवळ आठवडाभर चालली. दहा उमेदवार बसले आणि पांच उत्तीर्ण झाले. १९२२ सालीं या परीक्षेचे तीन भाग करण्यांत आले: पहिला मूलशास्त्रांचा, दुसरा रोगशास्त्रांचा, तिसरा प्रत्यक्ष रोग्यापुढें. १९२५ पासून कांहीं राज्यांनीं केवळ मूलशास्त्रांची वेगळी परीक्षा घेणारे कायदे केले, आणि अशा राज्यांची संख्या पुढें विसांहून अधिक झाली. हाडें दाबून सर्व रोग बरे करूं म्हणणाऱ्या पंथांना बाहेर ठेवणें, हा त्यांचा एक स्पष्ट उद्देश होता. कालांतरानें हे कायदे निरुपयोगी ठरून रद्द झाले. तीन भागांची कल्पना मात्र टिकली.

मूलशास्त्रांची उजळणी म्हणजे नेमकें काय, हें घरोघर परिचित असलेल्या एका रोगावरून पाहतां येईल. कावीळ झालेला माणूस कोणालाहि ओळखतां येतो. डोळे पिवळे, अंग पिवळें. पण हा पिवळा रंग येतो कोठून? रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ती मोडली म्हणजे तिच्यांतील रंजकद्रव्यापासून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य तयार होतें. मूळ स्वरूपांत तें पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून मूत्रावाटे बाहेर पडत नाहीं. यकृत त्यावर रासायनिक क्रिया करून त्यास विद्राव्य करतें. मग तें पित्तावाटे आंतड्यांत उतरतें, आणि तेथें त्याचें जें रूपांतर होतें त्यामुळें मळाला नेहमींचा रंग येतो. हीं वाक्यें निरनिराळ्या विषयांच्या पुस्तकांतून आलेलीं आहेत. सुटीं सुटीं तीं केवळ पाठ करण्याजोगीं वाटतात. एकत्र ठेवलीं म्हणजे त्यांतून रोग्याविषयीं उत्तर मिळूं लागतें.

समजा, रक्तपेशी फार वेगानें मोडत आहेत. तर अंग पिवळें होईल, मळ गडद होईल, पण मूत्रांत बिलिरुबिन सांपडणार नाहीं. कारण तें अजून विद्राव्य झालेलें नाहीं. आतां समजा, पित्ताची नळी खड्यानें बंद झाली आहे. यकृतानें आपलें काम केलें आहे, पण वाट अडली म्हणून विद्राव्य झालेलें द्रव्य रक्तांत परत शिरतें. मूत्र गडद होतें, आणि मळ चिकणमातीसारखा पांढुरका होतो. म्हणजे कारण जाणणारा वैद्य दोन साधे प्रश्न विचारून विकृति यकृताच्या अलीकडे आहे कीं पलीकडे, याचा पहिला अंदाज बांधूं शकतो. खुद्द यकृतच बिघडलेलें असेल तर दोन्ही प्रकारच्या खुणा मिसळून येतात, आणि अधिक शोध करावा लागतो.

ही साखळी येथेंच संपत नाहीं. नळी बंद झालेल्या रोग्यावर शस्त्रक्रिया केली, तर पूर्वीं पुष्कळदां असा अनुभव येई कीं शस्त्रवैद्याचा हात कितीहि कुशल असला तरी रक्त थांबेना. खडा निघे, आणि रोगी रक्तस्रावानें दगावे. डेन्मार्कमधील हेन्रिक डाम हा १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांच्या आहारावर प्रयोग करीत होता. स्निग्धांश काढून टाकलेल्या आहारावर वाढलेल्या पिलांना रक्तस्राव होतो, असें त्याला दिसलें. त्यांतून जें जीवनसत्त्व सांपडलें त्याला १९३५ सालीं 'के' हें नांव मिळालें. १९४३ सालच्या नोबेल पारितोषिकाचा डाम हा एक मानकरी झाला. रक्त गोठविणारीं कांहीं द्रव्यें यकृत बनवितें; त्यासाठीं त्याला 'के' जीवनसत्त्व लागतें; तें स्निग्धांत विरघळणारें असल्यामुळें आंतड्यांत शोषलें जाण्यास पित्त लागतें; आणि पित्ताची वाट तर बंद. एवढें समजल्यावर उपाय उघड झाला: शस्त्रक्रियेपूर्वीं तें जीवनसत्त्व टोंचावें. कोंबडीच्या पिलांवरील प्रयोग आणि रुग्णालयांतील मेज यांमध्यें जो धागा आहे, तो ज्याच्या मनांत तुटलेला आहे, त्याच्या रोग्याला ती तूट रक्तानें भरून द्यावी लागते.

परीक्षेनें हा धागा तपासावा, ही अपेक्षा. प्रारंभीं मंडळाचे प्रश्न निबंधवजा असत. परंतु एकच उत्तर दोन परीक्षक निरनिराळें तपासतात, असा अनुभव आल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास दिलेल्या पर्यायांतून योग्य तो निवडण्याची पद्धत स्वीकारण्यांत आली. गुणदानांतील लहर गेली, आणि हजारों उमेदवारांना एकाच मापानें मोजणें साध्य झालें. १९९२ सालापासून अमेरिकेंत सर्व राज्यांसाठीं एकच परवाना परीक्षा टप्प्याटप्प्यानें सुरू झाली. तिचा पहिला टप्पा मूलशास्त्रांचा आहे. पुण्यामुंबईचा पदवीधर तेथें वैद्यक करूं इच्छीत असेल तर त्यालाहि हा टप्पा ओलांडावा लागतो.

पण माप अचूक झालें कीं त्याचा उपयोग भलत्याच कामासाठीं होऊं लागतो. परवान्याला आवश्यक तेवढें ज्ञान आहे कीं नाहीं, एवढेंच ठरविण्यासाठीं ही परीक्षा होती. रुग्णालयें मात्र तिच्या तीन आंकडी गुणांवरून पुढील प्रशिक्षणाच्या जागांसाठीं उमेदवार निवडूं लागलीं. तेव्हां विद्यार्थी दोन वर्षें वर्गाकडे पाठ फिरवून याच परीक्षेची तयारी करूं लागले, आणि एडिंबरोच्या दळणाऱ्यांचा धंदा नव्या रूपांत पुन्हां तेजींत आला. अखेर २०२२ च्या जानेवारीच्या २६ तारखेपासून पहिल्या टप्प्याचे गुण देणें बंद करून उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच निकाल देण्यांत येऊं लागला. त्यामुळें मनावरचा ताण हलका झाला, असें कित्येकांना वाटतें. ज्याला मोठ्या विद्यालयाचें नांव लाभलेलें नाहीं त्याच्या हातांतील एक साधन गेलें, असें इतरांचें म्हणणें. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि चढाओढ परीक्षेच्या पुढच्या टप्प्याकडे सरकली, हेंहि खरें.

भारतांतहि या प्रश्नाचीं वळणें याहून फार वेगळीं नाहींत. मुंबई इलाख्यांत १९१२ च्या कायद्यानें वैद्यांची नोंद सुरू झाली. १९३० सालीं ब्रिटिश परिषदेनें भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, आणि त्यानंतर १९३३ सालीं अखिल भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा झाला. परदेशीं शिकून येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठीं २००२ पासून चाळणी परीक्षा आली. तिच्या तयारीसाठीं मूलशास्त्रांचीं पुस्तकें पुन्हां उघडून बसलेले तरुण अनेक घरांतून दिसूं लागले, आणि त्यांच्या आईबापांनाहि एका परीक्षेवर अनेक वर्षांचे कष्ट व कर्ज कसें टांगलेलें असतें हें कळलें. २०१९ च्या कायद्यानें सर्वच पदवीधरांसाठीं एका समान निर्गम परीक्षेची तरतूद केली. तिच्याविषयीं वाद होतात, ते परीक्षा असावी कीं नसावी यापेक्षां तिनें काय मोजावें याविषयींच अधिक, आणि हा तर १८१५ सालचाच प्रश्न.

जॉन कीट्सला १८१६ च्या ऑक्टोबर अखेरीस एकवीस वर्षें पूर्ण झालीं. सनद वापरण्याचा अधिकार त्याला आला; पण थोड्याच काळांत त्यानें वैद्यक सोडलें आणि आपलें आयुष्य काव्याला दिलें. १८१८ च्या डिसेंबरांत त्याचा धाकटा भाऊ क्षयानें गेला. त्याची शुश्रूषा कीट्सनेंच केली होती. १८२० च्या फेब्रुवारींत एका रात्रीं थंडींतून घरीं आल्यावर त्याला खोकल्याची उबळ आली आणि चादरीवर रक्ताचा थेंब पडला. त्याच्या मित्रानें लिहून ठेवलें आहे कीं त्यानें मेणबत्ती जवळ आणावयास सांगितलें, रंग निरखून पाहिला, आणि तें धमनीचें रक्त आहे हें ओळखून आपला अंत जवळ आला असें शांतपणें सांगितलें. परीक्षेसाठीं केलेली उजळणी त्याच्या मनांतून पुसली गेली नव्हती. उपचार करणाऱ्या वैद्यांनीं त्याचें आणखी रक्त काढलें आणि आहार तोडला. तेहि सनदी वैद्यच होते; त्या काळाच्या विद्येंत याहून अधिक कांहीं नव्हतें. १८२१ च्या फेब्रुवारींत रोम येथें, पंचविसाव्या वर्षीं, तो वारला.

क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉखनें १८८२ सालीं दाखविला. आनंदीबाई फिलाडेल्फियास शिकत होत्या तेव्हां ही गोष्ट ताजी होती. त्याच रोगानें १८८७ च्या फेब्रुवारींत, बावीस वर्षें पूर्ण होण्यापूर्वीं, त्या पुण्यास निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील नेमणुकीवर रुजू होण्याचें राहूनच गेलें. कारण कळलें होतें, उपाय सांपडला नव्हता. तो १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपानें हातीं येऊं लागला. परीक्षेला बसणाऱ्या माणसाला त्या दिवसापर्यंतचें ज्ञानच विचारतां येतें. सनद मिळाल्यावर चाळीस वर्षें तो रोगी पाहणार असतो, आणि तेवढ्या अवधींत पुस्तकें पुनःपुनः बदलतात. जें केवळ पाठ केलेलें असतें तें बदललें कीं टाकून द्यावें लागतें. कारणासह समजलेल्या गोष्टींत मात्र नवी भर घालतां येते. म्हणून सनदेपूर्वींची उजळणी ज्यानें कारणें शोधीत केली, त्याला पुढेंहि ती चालू ठेवणें जड जात नाहीं, आणि रोग्याला तरी त्याच्याकडून याहून वेगळें काय हवें असतें?